शेवटून दुसरा माणूस

१९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथल्या रोझ बोल मैदानावर, पंचवीस दिवसांच्या अंतराने दोन बचावपटूंची कसोटी लागली. २२ जूनला कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार अमेरिकेविरुद्ध खेळत होता. बाजूने आलेला क्रॉस प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचू नये म्हणून त्याने घसरत पाय लांबवला आणि चेंडू त्याच्याच पायाला लागून स्वतःच्या गोलात गेला. कोलंबिया १-२ असा हरला आणि पहिल्याच फेरीत गारद झाला. एस्कोबार मायदेशी परतला. तोंड लपवून न बसता त्याने वर्तमानपत्रात लिहिलं. आयुष्य इथे संपत नाही, असं स्वतःला आणि देशाला बजावलं. २ जुलैच्या पहाटे मेडेलिन शहरात एका नाइट क्लबबाहेर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो २७ वर्षांचा होता.

१७ जुलैला त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. इटलीचा कर्णधार फ्रांको बारेसी तेव्हा ३४ वर्षांचा होता. साखळी फेरीत नॉर्वेविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला होता, त्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि चोवीस दिवसांत तो पुन्हा मैदानात उभा होता. समोर ब्राझीलचे रोमारियो आणि बेबेतो. शेजारी नेहमीचा जोडीदार कोस्ताकुर्ता नाही, कारण तो निलंबित. १२० मिनिटं संपली तेव्हा फलकावर ०-० होतं. पेनल्टी शूटआऊटमध्ये पहिली किक मारायला बारेसीच पुढे आला आणि चेंडू बारवरून गेला. इटली हरली. त्या दिवसाचं नाव काढलं की लोकांना बॅज्योची हुकलेली शेवटची पेनल्टी आठवते, बारेसीचे अश्रू आठवतात. त्या काळातल्या सगळ्यात धारदार जोडीला त्याने दुखऱ्या गुडघ्याने दोन तास रोखून धरलं होतं, हे मात्र सांगावं लागतं.

ते सांगावं लागतं म्हणूनच हे पुस्तक. मुंबईच्या कूपरेजपासून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपर्यंत आपण ज्याला स्टॉपर म्हणत आलो, तो मधला बचावपटू त्याचा नायक आहे. ऑफसाइडची रेषा बहुतेक वेळा त्याच्यावरूनच मोजतात. बचाव करणाऱ्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू जिथे असेल, त्याच्या पुढे आघाडीपटूला उभं राहता येत नाही. शेवटचा असतो गोलरक्षक, शेवटून दुसरा हा. सगळा खेळ त्याच्या डोळ्यांसमोर चालतो आणि त्याच्या पाठीमागे चूक सुधारायला फारशी जागा उरलेली नसते.

या जागेचा हिशेब विचित्र आहे. आघाडीपटूने दहा संधींपैकी नऊ दवडल्या आणि एक साधली, तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो त्याचा. स्टॉपरने नऊ हल्ले परतवले आणि दहाव्याला अर्धा सेकंद उशीर केला, तर फोटोत तोही असतो, पण पाठमोरा, जाळ्याकडे बघणारा. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला यष्टिरक्षक आठवेल; त्याचेही घेतलेले झेल विसरले जातात आणि सुटलेले लक्षात राहतात. पण झेल सुटला तरी पुढच्या चेंडूवर फलंदाज बाद होऊ शकतो. स्टॉपरच्या चुकीची किंमत त्याच क्षणी फलकावर लागते आणि खोडता येत नाही. कौतुकाचा हिशेबही तसाच. बॅलन डोर हा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो. पुरुषांमध्ये तो मिळवणारे बचावपटू तीनच: फ्रान्झ बेकेनबाउअर (१९७२ आणि १९७६), मथियास झामर (१९९६) आणि फाबिओ कॅनाव्हारो (२००६). पहिले दोघे लिबेरो म्हणून खेळले, चेंडू घेऊन पुढे मुसंडी मारणारे. निव्वळ अडवण्याच्या कामासाठी हा मान मिळाला तो कॅनाव्हारोला, आणि तोही इटलीने विश्वचषक जिंकला त्या वर्षी. त्या स्पर्धेत इटलीवर दोनच गोल झाले, एक स्वयंगोल आणि एक झिदानची पेनल्टी. इतकं करावं तेव्हा कुठे नाव होतं. २०१९ मध्ये लिव्हरपूलचा व्हर्जिल व्हॅन डाइक मेस्सीच्या मागे सात गुणांनी राहिला.

हा हिशेब माहीत असूनही जो माणूस रोज त्या जागेवर उभा राहतो, त्याचं मन कशाचं बनलेलं असतं? आणि जगभरच्या संघांना कर्णधार निवडताना पुन्हा पुन्हा याच जागेवरचा खेळाडू का दिसतो? या पुस्तकातल्या सगळ्या प्रकरणांतून मला मिळालेलं उत्तर थोडक्यात मांडतो. स्टॉपरचं काम म्हणजे इतरांना चूक परवडेल अशी व्यवस्था करणं. मध्यरक्षकाने धोक्याचा पास द्यावा, विंगरने दोघांच्या मधून घुसून बघावं, फुलबॅकने पुढे धावत सुटावं, कारण फसलं तर मागे कोणीतरी आहे. संघाचं धाडस या एका माणसाच्या भरवशावर चालतं, आणि त्याला स्वतःला मात्र तशी सोय नसते. मानसिक बळ आणि नेतृत्व या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत, त्या याच विषमतेतून एकत्र उगवतात.

बळ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अंगावर धावून जाणारा, दात-ओठ खाणारा रांगडा गडी. या पुस्तकातला पहिला प्रसंग त्याच्या बरोबर उलटा आहे. ३१ मार्च २०१९, अॅनफिल्ड. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम १-१ बरोबरीत, पाचच मिनिटं उरलेली. टॉटनहॅमचा मूसा सिसोको चेंडू घेऊन मोकळ्या मैदानातून सुटला, सोबत सोन ह्युंग-मिन. दोघांसमोर एकटा व्हॅन डाइक. चेंडूवर झडप घातली तर सोनला पास जाणार. सोनला धरलं तर सिसोको सरळ आत जाणार. व्हॅन डाइकने दोन्ही केलं नाही. तो मागे मागे सरकत राहिला, सोनकडे जाणारी वाट शरीराने झाकत राहिला, आणि सिसोकोला हळूहळू त्याच्या डाव्या, कच्च्या पायावर आणत गेला. फटका मारण्याचा निर्णय सिसोकोने घेतला असं वाटतं. खरं तर तो त्याच्यासाठी आधीच घेतला गेला होता. फटका बारच्या कितीतरी वरून गेला. पाच मिनिटांनी लिव्हरपूलने सामना जिंकला, आणि तो गोल टॉटनहॅमच्याच मधल्या बचावपटूच्या, टोबी आल्डरवायरल्डच्या, अंगाला लागून जाळ्यात गेला होता. एकाच सामन्यात, पाच मिनिटांच्या अंतरात, या जागेच्या दोन्ही बाजू दिसल्या.

त्या काही सेकंदांत व्हॅन डाइकने जे केलं त्याला बघणाऱ्याच्या भाषेत काहीच न करणं म्हणतात. टॅकल नाही, धडक नाही, आरडाओरडा नाही. पण अंगातली प्रत्येक नस 'काहीतरी कर' म्हणत असताना न करण्याचं बळ फार महाग असतं. घाबरलेला बचावपटू लवकर झेपावतो, कारण झेपावल्यावर निदान प्रयत्न केल्यासारखं तरी दिसतं. हरलो तर धडपडून हरलो, हे समाधान त्याला हवं असतं. खरा स्टॉपर ते समाधान नाकारतो. सावकाश मागे हटताना आपण बावळट दिसू, ही भीती त्याने केव्हाच मागे टाकलेली असते. कितव्या पावलाला मागे हटायचं थांबवायचं, समोरच्याचा कोणता पाय कमजोर, मागून आपलं कोण धावत येतंय, हे सगळं तो त्या दोन-तीन सेकंदांत मोजतो. मन शांत असल्याशिवाय हे मोजमाप होत नाही. इथे शांतपणा हेच कौशल्य ठरतं.

दुसरा पैलू आवाजाचा. जो सगळं बघतो त्याने सांगितलंच पाहिजे. समोर पाठ करून उभ्या असलेल्या मध्यरक्षकाला मागून कोण येतंय ते दिसत नाही, फुलबॅकला दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते दिसत नाही. स्टॉपरला दिसतं. म्हणून त्याचं नेतृत्व दंडावरच्या पट्टीतून येण्याआधी तो उभा असतो त्या जागेतूनच येतं. याचं सर्वात शिस्तबद्ध रूप मिलानमध्ये घडलं. प्रशिक्षक अरिगो साकी आपल्या खेळाडूंकडून एक सराव करून घेत. एका बाजूला गोलरक्षक जोव्हान्नी गाल्ली आणि चार बचावपटू, तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी. दुसऱ्या बाजूला दहा जण, त्यांत गुलिट, व्हॅन बास्टन आणि रायकार्ड. पंधरा मिनिटांत या दहांनी पाचांवर गोल करायचा, आणि चेंडू गेला की पुन्हा स्वतःच्या अर्ध्या भागातून सुरुवात. साकींच्या सांगण्यानुसार तो गोल कधीच झाला नाही. चार माणसं एकाच क्षणी एक पाऊल पुढे आणि एकाच क्षणी एक पाऊल मागे सरकायची, आणि ती वेळ ठरवायची बारेसी. त्याची उंची १७६ सेंटिमीटर. म्हणजे आपल्याकडच्या शाळेच्या संघात कोणी त्याला स्टॉपर केलं नसतं. हीच परंपरा पुढे इतकी मुरली की १९९३-९४ च्या मोसमात मिलानने ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल केले आणि तरीही विजेतेपद मिळवलं, कारण त्यांच्यावर झाले होते १५.

पण नेतृत्वाचा आवाज नेहमी मोठाच असतो असं नाही. १९६६ ची वेम्बलीवरची अंतिम लढत हे त्याचं अभिजात उदाहरण. इंग्लंड ३-२ ने पुढे, जादा वेळेचे अखेरचे क्षण. चेंडू इंग्लंडच्या पेनल्टी क्षेत्रात कर्णधार बॉबी मूरकडे आला. जोडीदार जॅक चार्लटन ओरडून सांगत होता, बाहेर भिरकाव, प्रेक्षकांत घाल. सल्ला चुकीचा नव्हता. शंभरातल्या नव्व्याण्णव स्टॉपरांनी तेच केलं असतं. मूरने चेंडू छातीवर घेतला, मान वर केली आणि शांतपणे लांब पास देऊन जेफ हर्स्टला मोकळं केलं. ४-२. त्या जोडीत दोन्ही प्रकारचे नेते होते, एक घसा फोडणारा आणि एक जवळजवळ मुका. मूरचं मौन आतून किती घट्ट होतं हे चार वर्षांनी पुन्हा दिसलं. १९७० च्या विश्वचषकाआधी बोगोटामध्ये त्याच्यावर हॉटेलातल्या जवाहिऱ्याच्या दुकानातून ब्रेसलेट चोरल्याचा आळ आला. चार दिवस नजरकैद झाली. आरोप कधीच सिद्ध झाला नाही. तिथून सुटून तो मेक्सिकोत संघाला मिळाला आणि ७ जूनला ब्राझीलविरुद्ध ग्वादलहारात जे खेळला ते आजही बचावाचा पाठ म्हणून दाखवतात. इंग्लंड ०-१ ने हरलं, पण सामना संपल्यावर पेले आणि मूर उघड्या अंगाने हसत एकमेकांचे शर्ट घेताना दिसले, तो फोटो फुटबॉलच्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक झाला. १९६४ मध्ये मूरवर कर्करोगाचे उपचार झाले होते. लोकांना ते कळलं तो गेल्यानंतर.

तिसरा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पैलू म्हणजे चुकीनंतरचा वेळ. गोल झाल्यावर चेंडू मध्यावर नेईपर्यंत मिनिटभर तरी जातं. त्या मिनिटात स्टॉपर काय करतो याकडे संघातले सगळे बघत असतात. त्याने मान खाली घातली तर फुलबॅक पुढे जायला कचरतो, गोलरक्षक लांब किक मारायला लागतो, आणि सगळा संघ दहा यार्ड मागे सरकतो. म्हणून चूक पचवणं ही त्याची खासगी बाब राहत नाही, ते संघासाठी करायचं काम होतं. हे काम कसं केलं जातं याचे दोन नमुने पुस्तकात सविस्तर आले आहेत. एप्रिल २०१२ मध्ये रेआल माद्रिदच्या सेर्जियो रामोसने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्नविरुद्धच्या शूटआऊटमध्ये चेंडू बारच्या खूप वरून मारला. महिनाभर त्याची टर उडवली गेली. दोनच महिन्यांनी स्पेनकडून खेळताना युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पोर्तुगालविरुद्ध पुन्हा शूटआऊट आलं. रामोस पुढे आला आणि त्याने गोलरक्षकाला चकवत चेंडू अलगद मध्ये टाकला. यात मस्ती आहेच, पण त्यापलीकडे एक घोषणाही आहे: त्या रात्रीची मालकी मी तुमच्याकडे देणार नाही.

दुसरा नमुना अधिक शांत आहे. फ्रान्सच्या वेंडी रेनारने २०१९ च्या महिला विश्वचषकात, घरच्या प्रेक्षकांसमोर, नॉर्वेविरुद्ध स्वयंगोल केला. सामना फ्रान्सने जिंकला म्हणून बोभाटा झाला नाही. पाच दिवसांनी नायजेरियाविरुद्ध पेनल्टी घ्यायला तीच आली. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. गोलरक्षक रेषा सोडून आधीच पुढे आली होती, म्हणून पेनल्टी पुन्हा मारायची ठरली. नुकतीच हुकलेली तीच किक, तेच मैदान, त्याच हजारो नजरा. रेनारने चेंडू दुसऱ्या कोणाकडे दिला नाही. या वेळी गोल झाला आणि फ्रान्सने सामना १-० ने जिंकला. मार्टिनिक बेटावरून आलेली, फ्रान्सच्या राष्ट्रीय केंद्राने चाचणीत नाकारलेली ही मुलगी पुढे ल्योंसाठी आठ चॅम्पियन्स लीग जिंकली. नकार पचवण्याचा तिचा सराव जुना होता.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण या विषयावरच्या पुष्कळ लिखाणात तो नसतो. मानसिक बळ म्हणजे दुखणं लपवणं, ही समजूत या जागेने खूप पोसली आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये स्टॉकहोमला इंग्लंडचा टेरी बुचर डोक्याला जखम झाल्यावर टाके आणि बँडेज घालून खेळत राहिला. शेवटी त्याचा पांढरा शर्ट रक्ताने लाल झाला होता. तो फोटो शौर्याचं प्रतीक म्हणून भिंतीभिंतीवर लागला. मी त्या शौर्याला नावं ठेवत नाही, पण त्याची किंमत आता मोजली गेली आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. २०१९ मध्ये त्यांना आढळलं की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण या खेळाडूंत सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार आकडे मांडले, तेव्हा सर्वाधिक धोका बचावपटूंना दिसला, जवळजवळ पाच पट. गोलरक्षकांना तो सर्वसामान्यांइतकाच होता. वर्षानुवर्षं चेंडू डोक्याने परतवण्याकडे बोट जातं ते यामुळे. १९६६ चा तो ओरडणारा जॅक चार्लटन २०२० मध्ये गेला तेव्हा त्यालाही स्मृतिभ्रंशाने गाठलं होतं. डोक्याला धक्का बसल्याची शंका आली तर जादा बदली खेळाडू देण्याची सोय आता नियमांत आहे. अशा वेळी बाहेर यायला तयार होणं, हेही बळच आहे, हे आपल्या मुलांना कोणीतरी सांगितलं पाहिजे.

आर्सेनलच्या टोनी अॅडम्सची गोष्ट याच इशाऱ्याचा दुसरा भाग. २१ व्या वर्षी कर्णधार, पेनल्टी क्षेत्राचा राजा, हात वर करून ऑफसाइड मागणाऱ्या त्या प्रसिद्ध बचावफळीचा म्होरक्या. डिसेंबर १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तो तुरुंगात गेला. त्या मोसमात आर्सेनलने ३८ सामन्यांत फक्त १८ गोल खाल्ले आणि एकच सामना हरला. तो एक पराभव अॅडम्स तुरुंगात असताना झाला. हा आकडा त्याचं मोल सांगतो, पण त्याची अवस्था सांगत नाही. मैदानात कणखर असलेला माणूस बाहेर कोसळत होता, आणि मैदानातला कणखरपणा त्याला ते लपवायला मदतच करत होता. सप्टेंबर १९९६ मध्ये त्याने सहकाऱ्यांसमोर उभं राहून आपण मद्यपी आहोत हे कबूल केलं. त्यानंतर १९९८ आणि २००२ मध्ये त्याने पुन्हा लीग जिंकली, आणि २००० मध्ये व्यसन आणि मानसिक आजारांशी झुंजणाऱ्या खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स ही संस्था सुरू केली. त्याच्या साऱ्या टॅकलपेक्षा ती कबुली मला जास्त धाडसाची वाटते. सगळ्यांच्या चुका झाकणाऱ्याने पहिल्यांदा स्वतःसाठी आधार मागितला होता.

नेतृत्वाचं शेवटचं रूप चेंडूशी संबंधितच नाही. मे २०११ मध्ये वेम्बलीवर बार्सिलोनाने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा कर्णधार कार्लेस पुयोलने आपली पट्टी एरिक अबिदालच्या दंडावर चढवली आणि चषक त्याला उचलायला लावला. दोनच महिन्यांपूर्वी अबिदालच्या यकृतातली गाठ काढली होती. पुढच्या वर्षी रायो व्हालेकानोला ७-० असं हरवताना आपले दोन सहकारी गोलनंतर नाचायला लागले, तेव्हा तोच पुयोल धावत गेला आणि त्याने तो नाच थांबवला. हरणाऱ्याची लाज राखायची, हे त्याच्या लेखी संघाचं काम होतं. रेनारने फेब्रुवारी २०२३ मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना, राष्ट्रीय संघाच्या कारभाराविरोधात संघ सोडत असल्याचं जाहीर केलं. महिन्याभरात प्रशिक्षक बदलल्या गेल्या, ती परतली, आणि त्याच विश्वचषकात ब्राझीलविरुद्धचा विजयी गोल तिच्या हेडरने झाला.

आपल्याकडे ही परंपरा नाही, असं कोणाला वाटत असेल तर त्याने जर्नेल सिंगवरचं प्रकरण आधी वाचावं. फाळणीत लायलपूर सोडावं लागलेल्या कुटुंबातला, पुढे मोहन बागानचा आधारस्तंभ झालेला हा पंजाबी स्टॉपर १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडविरुद्ध डोक्याला जखमी झाला. टाके पडले. बचावात हेडर मारणं अवघड, म्हणून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात, इस्रायल आणि तैवानला वगळल्याच्या वादामुळे भारतावर खवळलेल्या लाखभर प्रेक्षकांच्या हुर्योत, दक्षिण कोरियाविरुद्ध पुन्हा गोल केला. भारत २-१ ने जिंकला. 'मैदान' चित्रपटामुळे हा सामना नव्या पिढीला कळला, पण चित्रपट रहीम यांचा आहे. जर्नेलचा एक वेगळा चित्रपट होऊ शकला असता. वरच्या इशाऱ्याच्या उजेडात त्या टाक्यांकडे बघताना आज आपल्याला थोडं अस्वस्थ वाटलं पाहिजे, आणि तरीही टोपी काढावीशी वाटली पाहिजे. दोन्ही एकदम वाटणं हाच या विषयाचा प्रामाणिक वाचक असल्याचा पुरावा.

गोव्याने तर बचावपटूंची शाळाच चालवली. साळगावकरचा बचावपटू डेरिक परेरा पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडचा प्रशिक्षक झाला आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांना जिंकून दिली. महेश गवळी दशकभराहून अधिक काळ भारताच्या बचावफळीत उभा होता आणि नंतर राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात गेला. हल्ली एफसी गोवासाठी खेळलेला चंडीगडचा संदेश झिंगन २०१९ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने अख्खा मोसम बाहेर राहिला. परतल्यावर २०२३ च्या इंटरकॉन्टिनेन्टल चषकात भारताने एकही गोल न खाता विजेतेपद मिळवलं, त्या फळीच्या मध्यभागी तोच होता. आणि कोल्हापूर? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या सामन्यात शाहू स्टेडियमवर ज्या मुलाने स्टॉपर म्हणून एक मोसम काढला, त्याला दबाव म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. तिथे शिवी घालणारा प्रेक्षक शेजारच्याच गल्लीतला असतो, आणि दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाताना भेटतो.

पुस्तकाची रचना या चार पैलूंवरच आहे: थांबण्याचं बळ, आवाज, चुकीनंतरचा वेळ, आणि मैदानाबाहेरचा अधिकार. डावपेचांच्या आकृत्या मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. ज्यांना तीन बचावपटूंची फळी बरी की चारांची, हा वाद घालायचा आहे त्यांना इथे थोडकंच मिळेल. प्रकरणं कालक्रमाने नाहीत, त्यामुळे कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. मात्र सिमोन केअरवरचं प्रकरण शेवटी वाचावं, असं सुचवतो.

डेन्मार्कचा हा कर्णधार १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत कोपनहेगनच्या मैदानावर खेळत होता, तेव्हा सहकारी क्रिस्तियान एरिक्सन अचानक कोसळला. केअर धावला, त्याला कुशीवर वळवायला मदत केली, मग सगळ्या संघाला एरिक्सनभोवती बाहेर तोंड करून उभं केलं, जेणेकरून कॅमेऱ्यांना आणि प्रेक्षकांना काही दिसू नये. एरिक्सनच्या सहचारिणीला सावरायला तोच पुढे गेला. त्या संध्याकाळी सामना पुन्हा सुरू झाला, आणि काही वेळाने केअर बाहेर आला. पुढे खेळण्याच्या मनःस्थितीत तो राहिला नव्हता, आणि त्याने ते लपवलं नाही. डेन्मार्क पहिले दोन सामने हरूनही उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. ७ जुलैला वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध बुकायो साकाचा क्रॉस आला, मागे रहीम स्टर्लिंग टपून होता. केअरने झेप घेतली आणि चेंडू त्याच्या अंगाला लागून गोलात गेला. योग्य तेच केलं होतं. न केलं असतं तर स्टर्लिंगने गोल केलाच असता. फलकावर नाव मात्र त्याचं लागलं. डेन्मार्क जादा वेळेत हरला, आणि त्या स्वयंगोलासाठी कोणी त्याला जाब विचारला नाही.

त्या मोकळिकीची आपल्याकडे सवय नाही, आणि पुस्तक लिहिताना माझ्या मनात वाचक म्हणून प्रशिक्षक आणि पालक होते ते याच कारणाने. चौदा वर्षांखालच्या संघात उंच मुलगा दिसला की आपण त्याला स्टॉपर करतो, आणि त्याच्याकडून पहिला गोल झाला की त्याच्यावर ओरडतो. दोन्ही थांबवता येईल. उंचीऐवजी त्याची नजर बघा. शेजारच्याला तो वेळेवर सांगतो का ते ऐका. आणि त्याच्या चुकीने गोल झाला की पुढची पंधरा मिनिटं त्याला जागेवरच ठेवा, बदलू नका. शेवटून दुसरा माणूस साऱ्या संघाच्या चुका पोटात घालतो. त्याची एक चूक पोटात घालायला संघ तयार आहे का, हे पाहिलं की तो संघ किती मजबूत आहे ते गुणफलक न बघताही कळतं.